दाढीला मालिका, कटिंगला विनोद

आमच्या सलूनमध्ये एक नियम होता आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी तो मोडायचा नाही. दाढीला मालिका, कटिंगला विनोद. टीव्हीचा रिमोट बाबांच्या एप्रनच्या वरच्या खिशात, कंगव्याच्या शेजारी असायचा. खुर्चीत बसणारा माणूस "दाढी" म्हणाला रे म्हणाला, की ब्रश फेसात बुडवायच्या आधी बाबा चॅनेल बदलायचे.

नवं गिऱ्हाईक कुरकुरलं तर बाबा त्याला शांतपणे समजावून सांगत. हसणाऱ्या माणसाची हनुवटी कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि वस्तऱ्याला विनोद कळत नाही. मालिकेचं तसं नाही. मालिकेत सगळं घर एका खोलीत जमतं, कुणीतरी काहीतरी भयंकर बोलतं, मागे ढग गडगडतात आणि मग कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून सावकाश फिरून येतो. तोवर पडद्यावर कुणी हलत नाही आणि खुर्चीतही कुणी हलत नाही. एका गौप्यस्फोटात एक गाल आरामात उरकतो. मोठा गौप्यस्फोट असला, म्हणजे मेलेला नवरा वगैरे परत आला, तर मिशीसुद्धा कोरून होते.

मी बाबांची मुलगी आणि त्या सलूनमधल्या दुसऱ्या खुर्चीची मालकीण. सुरुवातीला एखादं गिऱ्हाईक मला बघून उंबऱ्यातूनच मागे वळायचं. बाबा त्याला अडवायचे नाहीत. जाऊ दे, त्याच्या केसांचं नशीब, म्हणायचे. माझा हात हलका आहे असं ते सगळ्यांना सांगतात. माझ्या जिभेबद्दल मात्र ते असं काही सांगत नाहीत.

आमचा टीव्ही खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर, छताला टेकलेला. समोर आरसा. त्यामुळे बाबांनी आयुष्यात जेवढ्या मालिका पाहिल्या तेवढ्या आरशातच पाहिल्या. आम्ही राहायचो दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आणि तिथे टीव्ही नव्हता. हात रिकामे ठेवून टीव्ही बघणं बाबांना शुद्ध आळशीपणा वाटायचा. बातम्यांच्या खालची उलटी पट्टी ते धडाधड वाचून दाखवत. मीही त्याच आरशापुढे वाढले. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा समोरून टीव्ही बघितला, तर आमचा डावखुरा नायक उजव्या हाताने चहा पीत होता. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि मी लवकर घरी आले.

बाबांची मतं सगळी डोक्यापासून सुरू व्हायची, म्हणजे केसांपासून. रडून रडून खाली कोसळलेल्या बाईचा भांग जागच्या जागी असला, की तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडालाच. "हिचं दुःख स्प्रे मारून बसवलंय," म्हणायचे. महिनोन् महिने दवाखान्यात बेशुद्ध पडलेला नायक गुळगुळीत दाढीनिशी उठून बसला, की ते वस्तरा हवेत धरून मला विचारायचे, याच्या वॉर्डात कोण जातं गं दाढी करायला? गोष्ट एकदम वीस वर्षं पुढे गेली की सगळ्यांच्या कानशिलावर पांढऱ्या रंगाचा एकेक पट्टा उमटायचा. हा तर त्यांना आपल्या धंद्याचा सरळसरळ अपमान वाटायचा. केस असे रांगेत उभे राहून पिकत नाहीत, ते म्हणत.

पण चांगलं काम दिसलं की हा माणूस विरघळायचा. एका मालिकेत मुलगी घर सोडून गेल्यावर म्हातारा बाप उठतो आणि काही न बोलता तिचा कंगवा धुऊन पुसून जागेवर ठेवतो. ढग नाहीत, कॅमेऱ्याच्या फेऱ्या नाहीत. बाबांनी वस्तरा खाली ठेवला आणि गिऱ्हाईक अर्ध्या फेसात तसंच बसून राहिलं. तो नट पुढे साबणाच्या जाहिरातीत आला, तरी बाबा मान राखून जाहिरात संपेपर्यंत चॅनेल बदलत नसत.

विनोदाचा त्यांना धाक होता. मागे ठेवणीतलं हसू वाजवणारे कार्यक्रम ते कटिंगलाही लावत नसत. त्यांचे तेच हसतायत, आपली काय गरज, म्हणायचे. चांगल्या विनोदाला कात्री थांबलीच पाहिजे, नाहीतर तो फुकट गेला. पण मनापासून विचाराल तर बाबा मालिकेचे. त्यांच्या सगळ्यात लाडक्या मालिकेला ते 'जिनेवाले' म्हणत, कारण त्या घराच्या दिवाणखान्यात मधोमध रुंद जिना होता आणि घरातल्या सगळ्या वाईट बातम्या त्या जिन्यावरून खाली उतरायच्या. जिन्याशेजारी भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं. बाबांचं म्हणणं असं, की हा लेखक पोचलेला आहे. त्याने ते घड्याळ कायम दोनला दहा कमी असं ठेवलंय. म्हणजे जेवायची वेळ टळून गेलेली आणि कुणाचं ताट वाढलेलं नाही. उपाशी माणसं भांडणार नाहीत तर काय करतील, असं ते मला विचारायचे. मला पटायचं. मीही तेच घड्याळ बघत होते.

समोरच्या फुटपाथला लागून घड्याळजींचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटाला दार लावून आत माणूस बसवावा तेवढी जागा. मी त्यांना घड्याळकाका म्हणते. ते उजव्या डोळ्यात, भुवई आणि गालाच्या चिमटीत, काळं भिंग धरून दिवसभर वाकलेले असायचे. कुणी बोलायला गेलं तरी भिंग काढायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं की त्यांचा एक डोळाच तसा लांबुळका आहे.

त्यांची आणि बाबांची मैत्री भांडणावर उभी होती. काका विनोदाचे. त्यांच्या मते रडवायला कुणीही चालतं, कांदासुद्धा. हसवायला मात्र वेळ सांभाळावी लागते, आणि वेळ सांभाळणं हे किती अवघड काम आहे ते त्यांना विचारावं. त्यांची आवडती मालिका एका सरकारी कचेरीची होती, जिथली लिफ्ट कधीच चालत नाही आणि साहेब दर भागात धापा टाकतच आत येतो. काका दुपारी दाढीला यायचे तेव्हा आमच्या नियमाप्रमाणे जिनेवाले सुरू असायचे. काका डोळे गच्च मिटून घेत आणि म्हणत, "संपली रड की सांग, वस्ताद." बाबा चिडून एकेक प्रसंग त्यांना तोंडी सांगायला लागत. काका कानही मिटता येतात का बघत असत.

मग एक दिवस समोरचं दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडा होत आला तरी नाही. मग एका संध्याकाळी काकू आल्या आणि आमच्या बाकावर बसल्या. पहिल्या दिवशी सकाळी काका चूळ भरायला गेले तर पाणी तोंडात राहीना. उजवी बाजू लुळी पडली होती. ओठ खाली ओघळलेला, भुवई हलत नव्हती, डोळा मिटत नव्हता. डॉक्टरांनी सगळं तपासलं. मेंदूचं काही नाही म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषध दिलं, डोळ्यात घालायला थेंब दिले आणि आरशात बघून चेहऱ्याचा व्यायाम करायला सांगितलं. बहुतेक माणसं बरी होतात, तीन आठवड्यांत फरक पडायला लागतो, गाल थोडा जरी हलला तरी मला येऊन सांगा, असंही म्हणाले.

मग काकूंनी पुढचं सांगितलं. काकांनी घरातला आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. चहा ओठातून सांडतो म्हणून ते वेगळे बसून प्यायचे. आणि भिंग. एकदा त्यांनी हळूच ते डोळ्याला लावून बघितलं, ते टपकन मांडीवर पडलं. भिंग धरायला गाल लागतो. डाव्या डोळ्याला लावून बघितलं, तर जन्मभराची सवय उजवीची, हात भलतीकडेच जायला लागला. तेव्हापासून ते दुकानाचं नाव काढत नव्हते. दिवस जात होते आणि गाल जागचा हलत नव्हता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, छातीवर 'बंद' अशी पाटी लटकवल्यासारखा चेहरा केला आणि काकांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आले. कसे आणले ते मला माहीत नाही. काकू म्हणतात की बाबा दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "तोंड वाकडं झालंय ते झालंय, निदान साफ तरी करू." काका मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळून आले आणि मान खाली घालून खुर्चीत बसले.

आमच्या दुकानात आरसा भिंतीकडे फिरवायची सोय नव्हती. टीव्ही बघायचा तर आरशातच बघावा लागणार, आणि टीव्हीच्या खाली आपलं तोंड दिसणारच. बाबांनी हे सगळं ठरवून केलं होतं, ते मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. त्यांनी रिमोट काढला आणि दाढीच्या वेळी, माझ्या देखत, विनोदी चॅनेल लावलं. एवढी वर्षं पाळलेला नियम त्यांनी मित्रासाठी मोडला. मी उगाच कात्र्या पुसत बसले.

नियम मोडला तरी बाबा बाबाच होते. पडद्यावर विनोद आला की वस्तरा वर, जाहिरात लागली की वस्तरा खाली. एका गालाला तीन-तीन जाहिराती लागायच्या. फेस वाळून पापड्या व्हायच्या, मग परत ब्रश. रोज दुपारी हे चालायचं. बाबांनी गिऱ्हाइकांना विचारून विचारून चांगले विनोदी कार्यक्रम हुडकले. लिफ्टवाली कचेरी लावली. दोन जुळ्यांची लावली, बोलक्या पोपटाची लावली. ज्यांच्या मागे ठेवणीतलं हसू वाजतं, तेसुद्धा लावले, यावरून काय ते समजा. काका दगडासारखे बसून राहायचे. आणि बाबा पडद्याकडे न बघता त्यांच्या उजव्या गालाकडे बघत राहायचे.

एक दिवस काका बोलले. ओठ नीट मिटत नसल्यामुळे शब्द पसरट यायचे, पण कळत होते.

"वस्ताद, कोण तुझ्या तोंडाकडे असं टक लावून बसलं, तर तू हसशील?"

बाबांनी टॉवेलने काकांचं तोंड पुसलं, मफलर त्यांच्या हातात दिला आणि त्यांना घरी सोडून आले. परत येऊन बराच वेळ चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत राहिले. मी म्हणाले, बाबा, धार जाईल आता. तर म्हणाले, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी काका आले ते बहुतेक बाबांना वाईट वाटू नये म्हणूनच आले. बाबांनी नेहमीसारखा फेस केला, रिमोट काढला आणि जिनेवाले लावले. हरले होते. हरलेला माणूस आपल्या आवडीचं बघतो, त्यात काही गैर नाही. मलाही त्या दिवशी वाटलं, संपलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्तच दिवस उलटून गेले होते.

काकांनी सवयीने डोळे मिटले. पण मिटला तो डावाच. उजवा डोळा मिटतच नव्हता, तो तसाच उघडा राहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांना जिनेवाले बघावे लागले. मोठी सून जिन्यावरून खाली आली. ढग गडगडले. कॅमेरा फिरायला लागला. बाबा नेहमीसारखे त्यात गुंगून गेले, डाव्या अंगठ्याने काकांच्या उजव्या गालाची कातडी ताणून धरली आणि सावकाश वस्तरा ओढायला लागले.

"बिचारे," ते स्वतःशीच म्हणाले. "आजही दोनला दहाच कमी."

काकांनी डावा डोळा उघडला. "काय कमी?"

बाबांनी वस्तरा उचलला. "घड्याळ बघ की त्यांचं. कायम जेवायची वेळ टळलेली असते. पोटात काही नाही, म्हणून भांडतात."

काका आरशात बघत राहिले. घड्याळाकडे ते जसे बघायचे तसेच, मान किंचित तिरकी करून. मग सावकाश म्हणाले, "आरशात बघतोयस तू, वस्ताद. ते दहा वाजून दहा मिनिटं आहेत. विकायला ठेवलेलं प्रत्येक घड्याळ तसंच असतं. बंद घड्याळ आणून लावलंय त्यांनी."

दुकानात कुणी हललं नाही. पडद्यावरही हललं नाही. बाबा इतकी वर्षं उलटी अक्षरं वाचत आले होते, उलट्या माणसांना उलटे ओळखत होते, पण ते घड्याळ उलटं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं, कारण दोन्ही बाजूंनी ते शहाण्यासारखंच दिसत होतं. माझ्याही मनात आलं नव्हतं. बाबांनी वस्तरा परत काकांच्या गालाला लावला, एक ओढ घेतली, आणि अतिशय दुखावलेल्या आवाजात विचारलं,

"म्हणजे हे लोक जेवलेले असतात?"

आधी काकांचं पोट हललं. मग अंगावरचं कापड हललं. मग नाकातून एक आवाज आला, आणि त्याच क्षणी बाबा ओरडले. मी धावले. काकांच्या उजव्या गालावर फेसातून रक्ताची बारीक रेघ उमटली होती. बाबांच्या हातून कुणाला कापलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तुरटी हाताशी होती, पण ती घ्यायची सोडून बाबा अंगठा त्या गालावर तसाच ठेवून उभे होते.

"हलला," ते म्हणाले. "माझ्या अंगठ्याखाली हलला. वस्तरा नाही घसरला गं, गाल वर आला."

मला काही दिसलं नव्हतं. आरशातही दिसलं नव्हतं. तेवढं डोळ्यांना दिसायला अजून बरेच दिवस जायचे होते. पण रोज तोच गाल ताणून धरणाऱ्या अंगठ्याला ते कळलं होतं, आणि बाबा रडायला लागले. भांग विसकटेपर्यंत रडले. काका हसत होते, तोंड सगळं डाव्या बाजूला गेलं होतं, डोळ्यांतून पाणी, गालावरून रक्त, आणि त्यांना आरशात आपलं हे ध्यान दिसत होतं तरी त्यांनी मान खाली घातली नाही. तुरटी शेवटी मी लावली.

डॉक्टरांनी तो कापलेला गाल बघून आधी बाबांनाच झापलं, मग बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाले, सुरुवात झाली. बाबा पुढे आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ती खूण दाखवायला काकांच्या घरी घेऊन जायचे. जगात आपल्या हातून कापलेलं असं मिरवणारा दुसरा सलूनवाला नसेल. त्यांचा हात, त्यांची मतं आणि त्यांची चूक, या तिन्हींबद्दल मला त्या दिवसांत जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नव्हता.

काकांचं हसू परत आलं, थोडं एका बाजूला झुकून. दुकान उघडलं. एका दुपारी ते उजव्या डोळ्यात भिंग घट्ट धरून आमच्याकडे आले. भिंग पडत नव्हतं. त्यांनी बाबांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, खुर्ची गर्रकन फिरवली आणि आरशाकडे पाठ करून टीव्हीपुढे आणली.

जिनेवाले चालू होते. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते घर समोरून बघितलं. जिना भलत्याच बाजूला वळत होता, धाकटा दीर उजव्या हाताने पत्र फाडत होता, आणि घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाबा हात मांडीवर ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग काकांकडे वळले.

"जेवतात, झोपतात, सगळं वेळेवर होतं," ते म्हणाले. "मग भांडतात कशाला?"

काका हसले आणि त्यांच्या डोळ्यातलं भिंग फरशीवर पडलं. या वेळी हसल्यामुळे पडलं. बाबांनी ते उचललं, एप्रनला पुसलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.